पहिला मातीचा घोडा उभा कसा राहील?

गणपतीत शाडूची कार्यशाळा झाली की मातीचा एखादा गोळा घरात उरतो. तो पिशवीत बांधून ठेवला जातो, आणि दिवाळीच्या किल्ल्याचं बोलणं निघालं की मुलं म्हणतात, यंदा घोडा आपणच करू. घोडा होतो, संध्याकाळपर्यंत बराही दिसतो. सकाळी पाहावं तर पुढचे गुडघे टेकलेले, नाहीतर दोन दिवसांनी एक पाय पोटापासून सुटून हातात येतो. अशा वेळी वाचक विचारतात ते प्रश्न ठरलेले आहेत: माती कोणती घ्यावी, आत तार घालावी का, भेगा कशाने पडतात, आणि एवढं करूनही घोडा कुत्र्यासारखा का दिसतो?

यांतल्या बहुतेक प्रश्नांचं मूळ एकच आहे. अवजड धड चार बारीक पायांवर पेलायचं असतं. खऱ्या घोड्याकडे त्यासाठी हाडं आणि कंडरा असतात, ओल्या मातीकडे यातलं काहीच नसतं. म्हणून पहिला निर्णय आधाराचा घ्या. डोळे, आयाळ, खोगीर यांना हात सगळ्यात शेवटी लावायचा. पहिल्यांदा घोडा करणारे बहुतेक जण उलट क्रमाने जातात: सुंदर तोंड घडवतात आणि मग ते कशावर बसवायचं याचा विचार करतात.

माती उघडण्याआधी तीन गोष्टी ठरवा

घोडा कशासाठी हवा? किल्ल्यावर दिवाळीपुरता ठेवायचा असेल तर शाडू पुरेसा आहे. कपाटात वर्षानुवर्षं ठेवायचा असेल तर आपोआप घट्ट होणारी तयार माती बरी. भाजून पक्का करायचा असेल तर कुंभाराची माती हवी, आणि तिचे नियम वेगळे आहेत.

आकार केवढा? खांद्यापाशी १० सेंटिमीटर उंची शिकायला सोयीची आहे. याहून बराच लहान केलात तर पाय काडेपेटीतल्या काडीएवढे होतात, बराच मोठा केलात तर पोट आतून ओलंच राहतं. किल्ल्यासाठी करत असाल तर तुमच्याकडचा मावळा आधी मोजा. मावळा ७ सेंटिमीटरचा असेल तर घोड्याचा खांदा साडेपाच सेंटिमीटरच्या आसपास ठेवा. दख्खनचे घोडे ठेंगणे, काटक आणि डोंगर चढणारे होते. भीमा नदीच्या खोऱ्यातली भीमथडी तट्टं त्यासाठीच नावाजलेली. तेव्हा आखूड, दणकट पायांचा घोडा केलात तर मातीला सोपं जातं आणि किल्ल्यालाही तो जास्त शोभतो. लांब पायांचा शर्यतीचा घोडा रायगडावर तसाही परका वाटतो.

पवित्रा कोणता? सोप्याकडून अवघडाकडे असा क्रम लावला तर तो असा:

- बसलेला घोडा: पाय पोटाखाली दुमडलेले. लहान मुलांसाठी आणि साध्या शाडूसाठी हाच घ्या.
- चारही पाय टेकून उभा असलेला घोडा.
- एक पुढचा पाय उचललेला, चालणारा घोडा. यात आत तार लागतेच.
- मागच्या दोन पायांवर उभा राहिलेला किंवा चौखूर उधळलेला घोडा. हा पहिल्या प्रयत्नासाठी नको.

शेवटच्या प्रकाराचा मोह आवरणं कठीण असतं, म्हणून दोन गोष्टी सांगतो. सेंट पीटर्सबर्गमध्ये पीटर द ग्रेटचा १७८२ साली बसवलेला प्रसिद्ध अश्वारूढ पुतळा आहे. त्यातला घोडा मागच्या पायांवर उभा दिसतो खरा, पण त्याच्या पायांखाली तुडवलेला साप शेपटीला टेकवून शिल्पकार फाल्कोने याने तिसरा आधार मिळवला आहे. ब्राँझलाही आधार लागतो, तर ओल्या शाडूचं काय घेऊन बसलात! दुसरी गोष्ट उधळणाऱ्या घोड्याची. पुढचे पाय पुढे आणि मागचे मागे ताणून घोडा हवेत तरंगतो असं चित्रकार कितीतरी काळ दाखवत आले होते. एडवर्ड मायब्रिज यांनी १८७८ मध्ये कॅलिफोर्नियात धावत्या घोडीचे ओळीने फोटो घेतले, तेव्हा दिसलं की चारही पाय जमिनीवरून सुटतात ते पोटाखाली गोळा झालेले असताना. पुढेमागे उधळता घोडा कराल तेव्हा ते फोटो समोर ठेवा.

कोणती माती, कोणासाठी

शाडू. स्वस्त, मऊ, बोटांना आवडणारा. वाळताना आकसतो आणि वाळल्यावर ठिसूळ होतो. पाणी लागलं तर विरघळतो. उभा घोडा करायचा असेल तर मळतानाच त्यात बारीक कातरलेला काथ्या किंवा कागदाचा पिळून घेतलेला लगदा मिसळा. भेगा कमी पडतात. कुंभारांच्या मातीत पिढ्यान् पिढ्या राख आणि घोड्याची लीद मिसळली जाते. लिदीतले गवताचे तंतूही हेच काम करतात.

कुंभाराची लाल माती. भाजली की कायमची. मात्र भाजायच्या वस्तूत तार, फॉइल, खिळा असं काहीही राहता कामा नये. माती आकसते, धातू आकसत नाही, आणि घोडा भट्टीत तडकतो.

हवेत घट्ट होणारी तयार माती. स्टेशनरीच्या दुकानात ‘एअर ड्राय क्ले’ म्हणून मिळते. तारेवर चांगली चढते, एक ते तीन दिवसांत वाळते. पाकीट उघडं राहिलं तर दगड होते, म्हणून लागेल तेवढीच काढा.

पॉलिमर क्ले. ओव्हनमध्ये भाजायची. तापमान पाकिटावर लिहिलेलं असतं, तेच पाळा. जास्त तापली तर करपते आणि घसा-डोळे चुरचुरवणारा धूर सोडते. मायक्रोवेव्हमध्ये ती घालू नका. शक्यतो स्वयंपाकाचा ओव्हन तिच्यासाठी वापरू नका.

दोन भाग मिसळून होणारी इपॉक्सी माती. म्युरल करणारे वापरतात ती. बारीक पायांना हिच्याइतकी ताकद दुसऱ्या कशात नाही. पण मिसळल्यावर वेळ मोजका मिळतो, त्वचेला त्रास होऊ शकतो, म्हणून हातमोजे घाला आणि खिडकी उघडी ठेवा. लहान मुलांच्या हातात देऊ नका.

माझा सल्ला विचाराल तर मोठ्यांनी पहिला उभा घोडा तार घालून, हवेत घट्ट होणाऱ्या मातीत करावा. मुलांनी शाडूत बसलेला घोडा करावा. आणि दोघांनीही त्याआधी अर्धा तास कधीच न वाळणाऱ्या तेलमातीत सराव करावा. ती मोडून पुन्हा करता येते, त्यामुळे हात मोकळा होतो.

मापं: एवढं लक्षात ठेवलं तरी पुरे

घोडा कुत्र्यासारखा दिसतो तो मापं चुकल्यामुळे. मोजपट्टी डोक्याची घ्या, म्हणजे कानांच्या मुळापासून ओठांच्या टोकापर्यंतची लांबी. खांद्यापाशी घोड्याची उंची साधारण अडीच डोकी. छातीच्या पुढच्या टोकापासून पुठ्ठ्याच्या मागच्या टोकापर्यंतची लांबीही तेवढीच. म्हणजे बाजूने पाहिलं तर धड आणि पाय मिळून एका चौरसात बसतात. डोकं ४ सेंटिमीटर घेतलंत तर उंची १० आणि लांबीही १०. त्या १० सेंटिमीटर उंचीतले साधारण साडेचार छातीच्या खोलीला द्या, उरलेले पायांना.

कागदावर हा १० बाय १० चा चौरस आखा आणि त्यात घोडा बाजूने रेखाटा. चित्र सुबक नसलं तरी चालेल. ते तुमचं मोजमाप आहे, काम करताना घोडा त्यावर आडवा ठेवून पडताळत राहायचं.

आता चुका होतात त्या जागा:

- मान नळीसारखी गोल करू नका. बाजूने ती खांद्याशी रुंद आणि डोक्याशी निमुळती असते. समोरून पाहिलं तर पातळ.
- मागचा पाय पुढच्यासारखा सरळ खांब नसतो. त्याचा मधला सांधा मागे टोक काढतो. तो सांधा म्हणजे खरं तर घोड्याची टाच, आणि पुढचा ‘गुडघा’ म्हणजे मनगट. हे ध्यानात आलं की पाय कुठल्या बाजूला वाकतो याचा गोंधळ संपतो. मागचा हा सांधा पुढच्या गुडघ्यापेक्षा थोडा वर असतो.
- पुढच्या पायाचा कोपर छातीच्या तळाशी, धडाला चिकटून असतो. पाय पोटाच्या मधून फुटल्यासारखा दाखवला की घोडा टेबल होतो.
- डोळे डोक्याच्या बाजूंना, वरून साधारण एक तृतीयांश अंतरावर. समोर दोन डोळे काढले की चेहरा माणसाचा होतो.
- कान लहान ठेवा. मारवाडी किंवा काठियावाडी घोडा करत असाल तर कानांची टोकं आत वळून एकमेकांकडे झुकलेली दाखवा. त्यावरूनच ती जात ओळखू येते.

फोटोंपेक्षा खरा घोडा पाहणं केव्हाही चांगलं. माथेरानला तो रोज दिसतो. नंदुरबार जिल्ह्यात तापीकाठी सारंगखेड्याला दत्तजयंतीच्या यात्रेत घोड्यांचा मोठा बाजार भरतो, तिथे एका दिवसात शेकडो घोडे बघायला मिळतात. गावातला वरातीचा घोडाही चालेल. मालकाला विचारून फोटो घ्या: एक बाजूने, एक समोरून, एक मागून. घोड्याच्या मागे अगदी जवळ मात्र उभे राहू नका. शिल्पातला घोडा पाहायचा असेल तर अलिबागजवळ सासवण्याला शिल्पकार वि. पां. करमरकर यांचं संग्रहालय आहे. पुण्यातला १९२८ सालचा शिवाजी महाराजांचा अश्वारूढ पुतळा त्यांचाच. त्या घोड्याचे पाय, पुठ्ठे आणि मानेचा ताण बघायला एक सकाळ राखून ठेवा.

सांगाडा

हे फक्त न भाजायच्या मातीसाठी. दीड ते दोन मिलिमीटर जाडीची अ‍ॅल्युमिनियमची तार घ्या. बांधकामाची बाइंडिंग तार सहज मिळते, पण ती ओल्या मातीत गंजते आणि तांबूस डाग वर येतात.

१. एक लांब तार रेखाचित्रावर ठेवून डोक्यापासून मान, पाठ, शेपटीपर्यंत वाकवा.

२. दोन तुकडे उलट्या ‘यू’च्या आकारात वाकवून पुढचे आणि मागचे पाय करा. प्रत्येक पाय खाली २ सेंटिमीटर जास्त लांब ठेवा.

३. पायांच्या तारा पाठीच्या तारेला घट्ट पीळ देऊन बांधा. हा जोड हलता कामा नये; हलला तर पुढचं सगळं हलतं.

४. लाकडी फळीच्या तुकड्यात चार भोकं पाडून पायांची जादा टोकं त्यात घट्ट बसवा. हीच बैठक. घोडा पूर्ण वाळेपर्यंत तो तिच्यावरून काढायचा नाही, आणि कायमचा तिच्यावरच राहिला तर उत्तम.

५. छाती आणि पुठ्ठे यांच्या जागी अ‍ॅल्युमिनियम फॉइलचे घट्ट गोळे दाबून बसवा. माती कमी लागते, वजन कमी होतं, आतला भाग लवकर वाळतो.

६. तारेवर सुती दोरा गुंडाळा. गुळगुळीत तारेवरून ओली माती घसरते, दोऱ्याला धरून राहते.

भाजायच्या घोड्यात तार नाही, मग आधार कुठला? पोटाखाली मातीचाच खांब ठेवा आणि तो गवत, दगड किंवा झाडाचा बुंधा म्हणून रंगवा. नाहीतर पाय चांगले जाड करा. पश्चिम बंगालमधल्या पांचमुडा गावचे बांकुराचे घोडे पाहा. त्यांचे पाय, मान आणि धड चाकावर वेगवेगळे, आतून पोकळ घडवून जोडतात. कान आणि शेपूट तर वेगळेच करतात आणि भाजल्यावर धडातल्या खाचेत खोचतात. जे मोडणारच आहे ते आधीपासून सुटं ठेवायचं, ही युक्ती तुमच्या छोट्या घोड्यालाही उपयोगी पडेल.

माती चढवणं

माती आधी भरपूर मळा, म्हणजे हवेचे बुडबुडे निघून जातील. नंतर पूर्ण सांगाड्यावर पातळ थर दाबून द्या आणि तो जरा घट्ट होऊ द्या. मग तीन मोठे गोळे: छाती, पोट, पुठ्ठे. ते एकमेकांत मिसळले की धड तयार होतं. त्यानंतर मान, मग डोक्याची पाचर, मग पायांचे वरचे जाड भाग. गुडघ्याखाली स्नायू जवळजवळ नसतात, तिथे तारेवर मातीचा बेताचा थर पुरतो.

ओल्या मातीला ओली माती जोडताना दोन्ही बाजू सुईने खरवडा, त्यावर मातीचा पातळ राबडा लावा, मग दाबा आणि जोडावरून माती ओढून सांधा मिटवा. नुसतं चिकटवलेलं वाळताना सुटतं. पाणी कमी वापरा. गुळगुळीतपणासाठी सतत ओलं बोट फिरवत राहण्याची सवय मुलांना असते. त्याने वरचा थर ढिला होतो आणि तिथेच भेग पडते.

अधूनमधून खोलीत अंधार करून घोड्यावर बॅटरी मारा आणि भिंतीवरची सावली पाहा. सावलीत घोडा ओळखू येत नसेल तर कितीही बारीक काम केलंत तरी तो येणार नाही. ओळखू आला की मगच डोळे, नाकपुड्या, आयाळ. आयाळीचा एकेक केस काढत बसू नका. आधी तिचा जाड पट्टा बसवा, मग कोरणीने चार-सहा ठसठशीत रेघा मारा.

वाळवणं आणि भाजणं

भेगा पडतात त्या बहुतेक इथेच. कान, पाय, शेपूट आधी वाळतात, धड मागे राहतं, आणि आकसण्याच्या या ओढाताणीत जोड तुटतो. म्हणून पहिले दोन दिवस बारीक भागांवर प्लॅस्टिकची पट्टी सैल गुंडाळा आणि धड उघडं ठेवा. ऊन नको, पंखा नको, हेअर ड्रायर तर नकोच. कोकणात दमट हवेत वेळ जास्त लागेल. शाडूत आणि तयार मातीत बारीक भेग पडली तर त्याच मातीचा राबडा थोडं पांढरं फेविकॉल घालून भरा. भाजायच्या मातीत फेविकॉल चालत नाही, तिथे फक्त तीच माती.

भट्टीत द्यायचा घोडा पूर्ण कोरडा हवा. गालाला लावून पाहा. गार लागला तर आत ओल आहे. ओल राहिली तर तिची वाफ होऊन घोडा फुटतो, आणि शेजारच्या दुसऱ्या कुणाच्या वस्तूही फोडतो. पोट ३ सेंटिमीटरपर्यंत जाड होत असेल तर माती अर्धवट घट्ट झाल्यावर खालून कोरून पोकळ करा आणि वाफेला वाट म्हणून एक भोक ठेवा.

रंगाचं थोडक्यात: शाडूवर ब्रश फार ओला नको, नाहीतर मातीच निघून येते. आधी पांढऱ्या अ‍ॅक्रेलिकचा एक हात, मग मूळ रंग. पहिल्या घोड्याला पंचकल्याणी रंग द्या, म्हणजे चारही पाय आणि तोंडावरचा पट्टा पांढरा. पायांवरच्या लहानसहान चुका त्यात झाकल्या जातात.

पैसे आणि हक्क

- मातीच्या बंद पाकिटावर छापील किंमत आणि बनवल्याचा महिना-वर्ष असायला हवं. ते वाचा, बिल घ्या. नवं पाकीट उघडल्यावर आत माती दगड झालेली निघाली तर बदलून मागा. दुकानदार ऐकत नसेल तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे.
- कार्यशाळेचे पैसे भरण्याआधी विचारा: साहित्य शुल्कात आहे का, भाजणी आहे का, केलेली वस्तू घरी कधी मिळेल, आणि भाजताना फुटली तर काय. उत्तरं मेसेजवर घ्या.
- कुंभाराकडे भाजायला देत असाल तर दर वस्तूमागे की वजनावर, हे आधी ठरवा. त्यांची भट्टी त्यांच्या मालासाठी आधी लागते. तुमच्या घोड्यासाठी ती वेगळी पेटवली जाणार नाही, हे गृहीत धरूनच तारीख मागा. मातीत काय मिसळलंय ते त्यांना खरं सांगा.
- इंटरनेटवरच्या छायाचित्रावरून किंवा दुसऱ्याच्या शिल्पावरून घरी सराव करायला हरकत नाही. विक्रीला ठेवणार असाल तर गोष्ट बदलते. सार्वजनिक जागी कायम उभ्या असलेल्या शिल्पाचं चित्र किंवा फोटो काढायला कॉपीराइट कायद्यात मुभा आहे. त्याची मातीची प्रतिकृती करून विकायला ती मुभा लागू होत नाही. शिल्पकाराचे हक्क त्याच्या निधनानंतर ६० वर्षं टिकतात.
- बांकुरा-पांचमुडा टेराकोटाला २०१८ साली भौगोलिक मानांकन मिळालं आहे. त्या शैलीत शिका जरूर, पण तुमचा घोडा ‘बांकुराचा’ म्हणून विकू नका. ते नाव त्या गावच्या कुंभारांचं आहे.
- स्वतःच्या कल्पनेतून केलेल्या घोड्यावर हक्क तुमचा, आणि त्यासाठी नोंदणीची अट नाही. विकणार असाल तर तळाशी माती ओली असतानाच नाव आणि वर्ष कोरा. वाळल्यावर कोरायला गेलात तर माती तडकते.